पुनाराम बसला म्हणजे

आमगावच्या स्टँडबाहेर सालेकसा-दरेकशाच्या काळीपिवळ्या लागतात. त्यातल्या कोणत्या ना कोणत्या गाडीत पुनाराम बसलेला असायचा. जायचं कुठंच नाही. बसणं हाच त्याचा धंदा. रिकाम्या गाडीत कोण चढतो? म्हणून मांडीवर पिशवी घेऊन, घाईतल्या माणसाचं तोंड करून तो बसायचा. त्याला पाहून परगावचे लोक चढायचे. शेवटचं शीट आलं की हा गुपचूप खाली, आणि मागच्या गाडीत हजर. चहा-नाश्ता ड्रायव्हरांचा.

त्या दिवशी मात्र त्याला खरंच जायचं होतं. दरेकशाला दिलेली त्याची मोठी बहीण मनकर्णाबाई सकाळी वारली. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत, आणि माहेरात उरला होता एकटा पुनाराम. भाचा बिसराम फोनवर म्हणाला, "मामा, दिवस बुडाच्या आत या. मंग थांबता नाही येत." रेल्वे निघून गेली होती.

नवं लुगडं पिशवीत घालून तो धर्मेंद्रच्या गाडीत बसला. सगळं त्याला सांगितलं. "बसा ना मामा, भरली की निघालो," धर्मेंद्र म्हणाला. पिशवी पायाशी ठेवून पुनारामनं डोळे मिटले. आई गेल्यावर मनकर्णानंच त्याला भात कालवून भरवला होता. तिचं तोंड एकदा पाहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

गाडीत एकच जागा उरली होती, तेवढ्यात एक बाई लेकरू घेऊन दारात आली. "जागा हाय का, भाऊ?"

"या, या, निघालीच गाडी!" पुनाराम उठला, उतरला, दार लावलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. थाप ऐकली की धर्मेंद्र मागं बघत नसे. गाडी सुटली.

ती वळणाआड गेली तेव्हा कुठं याच्या डोक्यात उजेड पडला. "अरे बाप्पा! मी काऊन उतरलो? लुगडं तं गाडीतच रायलं!" साठीतला माणूस, धावून धावून किती धावणार! धर्मेंद्र गाडी चालवताना फोनही उचलत नाही.

परत येऊन तो मागच्या गाडीत बसला. आता येणारे सगळे रोजचेच लोक. खिडकीतून बघत आणि चहाला वळत. "पुनाराम बसला हाय, म्हंजे अजून लय वेळ हाय."

"मी खरंच जाऊन राहिलो! बहीण मेली माझी!" तो ओरडला.

लोक हसले. "आज नवीनच काढलं, मामा!"

पुनाराम ढसाढसा रडायला लागला, तेव्हा हसणं थांबलं. एकेक जण मुकाट्यानं चढू लागला. पण तोवर उन्हं पार उतरली होती. फोन वाजला.

"लुगडं भेटलं, मामा," बिसराम म्हणाला. "गाडीवाला घरी देऊन गेला. आईले नेसवलं. आता उचलून राहिलो. तुमी कुठं आहा?"

"उचला," पुनाराम म्हणाला.

ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "मामा, आता उतरता का?"

"नाही उतरत. तोंड नाही दिसलं, राख तं दिसल."