पळणारी नर्सबाई

आठ मे. माठाच्या तळाचा पांढरा खार घासताना आज ती नर्सबाई आठवली. आमच्या खारपाण पट्ट्यात विहिरींचं पाणीच खारं, त्यामुळे किडनीचे पेशंट फार, म्हणून डायलिसिसच्या मशीनसाठी ती सोनाळ्याहून शेगावपर्यंत भर उन्हात पळत निघाली होती. ती शेगावला पोचली तरच लोक कबूल केलेली देणगी देणार होते. वरवट बकालला आमच्या दारापुढून जाताना आम्ही बायकांनी तिला अडवलं. शेगावला पायी जाणाऱ्याची सेवा करायची, ही इथली रीत. तिला ओट्यावर बसवून पाय गरम पाण्यात ठेवले. मला राहवेना. "पैसे तं बसूनबी मांगता येते बाई, तू पयून काऊन राह्यली?" "मांगतले ना मावशी, कोनंच देल्ले नाही," असं म्हणत ती उठायला गेली, तर पोटऱ्या आखडलेल्या. "घ्या, झाली सेवा," शेजारीण मला म्हणाली. मग आम्ही दोघींनी तिला धरून गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालवत नेलं, तिथून ती लंगडत पळाली. शेगावला पोचल्याचं संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चार घरी बसून त्याच मशीनसाठी पैसे मागून पाहिले. चारही घरी चहा तेवढा मिळाला.