दादाची बॅटरी

उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका स्टुडिओत मी मॉडेलच्या कुर्त्यांना पिना लावायला जाते. तिथले दिवे सांभाळणारा माणूस बेलवलीचा; सगळे त्याला नुसतं दादा म्हणतात. फोटोग्राफर धडाधड फोटो काढत असतो आणि दादा कोपऱ्यातल्या स्टुलावरून रिमोटने फ्लॅश कमीजास्त करतो, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करावा तसा.

मागे एक नवी मुलगी आली होती. फ्लॅश उडाला की तिचे डोळे मिटायचे. फोटोग्राफर वैतागला, "अरे यार, दुसरी को बुलाओ!"

दादाने गुपचूप सगळे फ्लॅश बंद केले.

"आता ह्या फ्लॅशना काय झालं?" फोटोग्राफर म्हणाला.

"बॅटरी वीक असेल. तू दाबत राहा ना, लागतील."

तो बिचारा बटण दाबत राहिला. फ्लॅश काही उडेना. त्याची ती धडपड बघून मुलगी खुदकन हसली, तिचे आखडलेले खांदे सैल झाले. तेवढ्यात दादाने फ्लॅश चालू केले. फोटोत ती हसत होती आणि डोळे टक्क उघडे होते.

काल आणखी एक नवी मुलगी डोळे मिटायला लागली. ह्या वेळी फोटोग्राफर ओरडला नाही. कोपऱ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुझी बॅटरी वीक झाली का बघ जरा."