ताटाशेजारची जागा

पद्माक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी बाल न्याय मंडळाच्या व्हरांड्यात फायली घेऊन उभा होतो. निपाणीहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला, "आक्का आज बसदीला दर्शनाला जायला उठलीच न्हाय..." त्याला आता दीड महिना झाला.

अठराच्या आतली, गुन्ह्यात सापडलेली मुलं चौकशी होईतो ज्या निरीक्षणगृहात ठेवतात, तिथं आक्का समुपदेशक होत्या. मी परिवीक्षा अधिकारी. मुलाच्या घरची, शाळेची माहिती काढून मंडळाला अहवाल देणं हे माझं काम. काही वर्षांपूर्वी चिकोडीकडचा एक मुलगा आमच्याकडं आला. कायद्यानं त्याचं नाव सांगता येत नाही, बाळू म्हणू. वय सोळाच्या वर. भांडणात त्यानं आपल्या मित्राला, सोपानला, विहिरीत ढकललं होतं आणि सोपान बुडाला होता. खटला मोठ्या माणसांच्या कोर्टात पाठवायचा की नाही, हे मंडळानं ठरवायचं होतं. बाळू कुणाशीच बोलत नव्हता. दुपारी जेवायला बसला की आपलं ताट तो हळूच डावीकडं सरकवायचा. तिथं कुणीच नसे. भाकरी वाळून जायची. बाकीची मुलं त्या बाजूला बसेनाशी झाली. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, लिंबू उतरवून टाका. मी अहवालाच्या कच्च्या कागदावर लिहिलं, 'नाटक करतो.'

एका दुपारी आक्का आपलं ताट घेऊन त्याच्या डाव्या बाजूला बसायला गेल्या, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"थितं नको आक्का. थितं सोपान्या बसलाय."

आक्का दचकल्या नाहीत. वळसा घालून उजवीकडं बसल्या आणि सहज विचारलं, "जेवतोय व्हय रं त्यो?"

"न्हाय. नुसता वल्ला बसतोय."

बाहेर रखरखीत ऊन होतं, तरी दारात उभ्या माझ्या अंगावर काटा आला...

मग आक्का रोज तिथंच जेवू लागल्या. आठवडाभरानं त्यानं सांगितलं, "ढकलून म्या पळालो. त्यो हाका मारत हुता. माझंच नाव घेत हुता." ढकलण्यापेक्षा त्या हाकाच पोराला खात होत्या. डॉक्टरांना दाखवायला हवं, मी म्हटलं. "दाखवूच की," आक्का म्हणाल्या, "पण पोरगं शेवटाला काय बोललं, ते त्याच्या आईला नको कळायला?" सोपानच्या आईनं दोनदा दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा, मंडळाच्या परवानगीनं, त्या आक्कांबरोबर आल्या. बाळू जेवायला बसला होता.

"काय म्हणत हुता माझा सोपान?"

"माझं नाव," बाळू म्हणाला, आणि मान खाली घातली.

सोपानच्या आई त्याच्या डावीकडं बघत राहिल्या. उशिरा घरी आलेल्या पोराकडं आई बघते, तशा. मग वाकून त्यांनी सरकवलेलं ताट बाळूपुढं ओढलं. "त्यो माझ्यासंगं येतोय आता. तू जेव."

त्यांना पोचवायला आक्का चिकोडीच्या बसमधून गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गाडीत लई गर्दी हुती. बाईंनी शेजारची जागा कुणाला दिली न्हाय... आणि कुणी मागितली बी न्हाय."

बाळू जेवू लागला. मी 'नाटक करतो' ही ओळ खोडून अहवाल नव्यानं लिहिला. मंडळानं त्याला मोठ्या कोर्टात पाठवलं नाही. दोषी मुलांना सुधारण्यासाठी ठेवतात त्या विशेष गृहात राहून तो वायरिंग शिकला; आज निपाणीत काम करतो. आक्कांना खांदा द्यायला आला होता.

मी एकदा आक्कांना विचारलं होतं, "तिथं तुम्हाला खरंच कुणी दिसलं काय?"

"पोराला दिसत हुतं. तेवढं बास की."

आक्कांची एक सवय होती. मुलांच्या खोलीला कुलूप बाहेरून, किल्ली त्यांच्या हातात. तरी त्या आधी दारावर दोनदा टकटक करायच्या. आतून "या आक्का" असं आल्याशिवाय कुलूप काढायच्या नाहीत. गेल्या आठवड्यात मी किल्ली घेऊन त्या दाराशी गेलो. आतली सगळी मुलं नवी, आक्का गेल्यानंतर आलेली. मी टकटक करायला हात उचलला. बोटं अजून दाराला लागलीही नव्हती...

"या आक्का," आतून आवाज आला.

मी कुलूप काढलं, दार उघडलं, आणि क्षणभर वाट देत बाजूला उभा राहिलो.