बदामाच्या चार फांद्या

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. त्या दिवसांत आमच्या घरात प्रत्येकाने आवडीचं काहीतरी सोडायचं, असा रिवाज होता. त्या वर्षी पपांनी विडी सोडली, म्हणजे घरात ओढायची सोडली. मी गूळ सोडला आणि त्याचा राग साऱ्या गावावर काढत फिरले. धाकटी म्हणाली, मी शाळा सोडते. तिला धपाटा मिळाला. आईने डोक्यात फूल माळायचं सोडलं. अंबाड्यात फूल नसेल तर आमची आई विहिरीवरसुद्धा जात नसे, तेव्हा खरा उपास तिचाच होता.

वाकोल्याच्या जुन्या गावात आमचं घर. पुढे भाताची खाचरं, मागे आईची बाग. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या माडांवरून जायची. गावातली पोरं वर बघून ओरडायची आणि आई मात्र वर न बघता म्हणायची, "माझ्या मोगऱ्यावर धूर सोडतात मेले."

उपासाच्या दिवसांत आमच्या चर्चच्या वेदीवर एकही फूल ठेवत नसत. चाळीस दिवस वेदी भुंडी, आणि ईस्टरच्या सकाळी एकदम फुलंच फुलं. ती फुलं द्यायचा मान आमच्या घराण्याचा. बाजूच्या दोन फुलदाण्या मोठ्या काकीच्या, म्हणजे आईच्या थोरल्या जावेच्या, आणि मधली मोठी पितळी फुलदाणी आईची. दोघी एकाच विहिरीचं पाणी काढायच्या, एकमेकींच्या पोरांना जेवू घालायच्या आणि फुलांवरून बारा महिने भांडायच्या.

पपा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. वर्षातून एकदा कुटुंबासाठी फुकट पास मिळायचा. आमच्या चुलीवरच्या भिंतीला एका दुकानाचं जुनं कॅलेंडर होतं. त्यातले महिने केव्हाच संपले होते, पण चित्र आईने उतरू दिलं नव्हतं. पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलेली बदामाची बाग, मागे बर्फाचा डोंगर. काश्मीर. धुराने डोंगर काळा पडला तरी फुलं आई पदराने पुसून ठेवायची. पपांनी ते कधीतरी पाहिलं असणार, कारण एके दिवशी ते पास आणि काश्मीरात शिरायला तेव्हा लागणारा परवाना, दोन्ही घेऊनच घरी आले. रजा मात्र मिळाली होती नेमकी ईस्टरच्या आधीची.

"वेदी सोडून मी कशी येऊ?" आई म्हणाली.

"शनिवारी दुपारी परत. ईस्टर रविवारी. हाय काय त्यात?"

विहिरीवर ही बातमी मोठ्या काकीला कळली. "जा गं, खुशाल जा," ती म्हणाली. "मधल्या फुलदाणीत माझ्या लिली घालीन मी."

बस, एवढंच झालं. आईने कळशी खाली ठेवली. "काही नको. मधली रिकामी ठेवा, जाऊबाई. तिथली बदामाची फुलं आणते मी."

"बदामाला कसली गं फुलं? चर्चच्या अंगणात तीन बदाम आहेत. जन्मात फूल दिसलं नाही मला."

"तो जंगली. हा खरा."

"मग आण. बघू तरी."

हे सगळं अख्ख्या विहिरीसमोर झालं, त्यामुळे आता माघार नव्हती.

दोन दिवस गाडी, दोन दिवस बस. घाटात मी वळणागणिक ओकले. आईने नऊवारी लुगड्यावर पपांचा कारखान्यातला कोट चढवला होता आणि कानाला मफलर. बोगद्यातून बस बाहेर पडली तेव्हा पपा उभे राहून म्हणाले, "बघा!"

आम्ही बघितलं. खाली मोठं खोरं होतं, आणि त्यात काटक्या. झाडं म्हणावीत तर पान नाही, फूल नाही, सगळं करडं. पपांनी हिशेब केला होता तो वाकोल्याचा. आपल्याकडे पांगारा फुलून गेला, आंब्याला कैऱ्या धरल्या, म्हणजे तिथे वसंत अगदी रंगात आला असणार! थंडीच्या मुलखात झाडं उशिरा जागी होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"ह्या काटक्या बघायला मी चार दिवस ओकत आले?" मी ओरडले. बसमधल्या कुणाला मराठी येत नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. आईने नुसती मफलरची गाठ घट्ट केली. त्याने पपा जास्त घाबरले.

आमच्याकडे पाच दिवस होते. रोज सकाळी आम्ही चौघं एका बदामाच्या बागेत जायचो. तिथला म्हातारा माळी आम्हाला ओळखायला लागला. पपा त्यांच्या हिंदीत विचारायचे, "चाचा, आज खुलेगा क्या?" तो आभाळाकडे बघायचा. "दो रोज़ धूप मिले, बस." ऊन काही मिळायचं नाही. आई मात्र एकेक कळी बोटाने चाचपून बघायची. पहिल्या दिवशी म्हणाली, गव्हाएवढी आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, चण्याएवढी. चौथ्या दिवशी कळ्यांच्या टोकाला गुलाबी रेघ दिसली आणि पाठोपाठ पाऊस आला. ईस्टरच्या आधल्या त्या रविवारी, रिवाजाप्रमाणे, गावाकडे सगळे हातात झावळ्या घेऊन चर्चला गेले असतील. आम्ही खोलीत झावळ्यांऐवजी तिथल्या विलोच्या झाडाच्या काड्या धरून प्रार्थना केली. धाकटीने तिच्या काडीने मला मारलं.

शेवटच्या सकाळी आई बागेत नुसतीच उभी राहिली. "जाऊ दे," ती म्हणाली. "कॅलेंडर आहे की घरी."

मला इतकं वाईट वाटलं की मी पपांना चिमटा काढला. पपांनी माळ्याला काय सांगितलं कोण जाणे, पण विहीर, जाऊ आणि वेदी हे सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं. म्हातारा हसला, त्याने कोयती घेतली आणि मोठ्ठ्या कळ्यांच्या चार फांद्या कापून आईच्या हातात दिल्या. "इन्हें बस गरमी चाहिए. नीचे खुल जाएँगे."

आईचा चेहरा बघायला हवा होता. तिने लगेच बोटं मोजली. "बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी बरोबर उमलतील."

फांद्या आमच्या पिण्याच्या पाण्याच्या सुरईत उभ्या केल्या आणि आम्ही स्टेशनांवरच्या नळाचं पाणी पिऊ लागलो. पठाणकोटला गाडीत बसलो तेव्हा उकडायला लागलं होतं. गुरुवारी दिल्लीच्या पुढे धाकटी म्हणाली, "आई, एक हसलं." बघतो तो काय, एक कळी अर्धी उघडली होती.

"नको, नको, नको," आई म्हणाली.

पाच दिवस आम्ही ज्यांना उघडा म्हणून विनवत होतो, त्यांना आता थांबा म्हणून विनवायला लागलो. पपा रेल्वेचे, म्हणून प्रत्येक स्टेशनावर कुणाकुणाशी ओळख काढून बर्फाचा तुकडा आणायचे. सुरईला ओलं गोणपाट गुंडाळलं. मी आणि धाकटी आळीपाळीने पंखा घालत होतो. गरम वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद करून सगळा डबा घामाने निथळत होता आणि आश्चर्य म्हणजे कुणी कुरकुर केली नाही. समोरची पंजाबी आजी तर माळ ओढत फांद्यांवर नजर ठेवून होती. शुक्रवार हा आमचा कडक उपासाचा दिवस. येशूच्या क्रूसाच्या वाटेला चौदा थांबे, म्हणून आईने गाडीच्या चौदा थांब्यांवर आमच्याकडून चौदा प्रार्थना करून घेतल्या. रतलामला पपा भज्यांकडे बघत उभे राहिले आणि परत आले.

दुपारी सगळं एकदम फुललं. एका फांदीवर किती फुलं, सांगता येणार नाही. पांढरी, आत गुलाबी, पान एकही नाही. अगदी कॅलेंडरसारखी. मी पंखा घालतच होते. आईने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "बघू दे मला."

तिने सुरई मांडीत घेतली आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली. ना वेदी, ना जाऊबाई. मी तिला इतकी स्वस्थ कधी पाहिली नव्हती, आणि मला उगाचच रडू आलं. पपा खिडकीकडे तोंड करून बसले होते. खिडकी बंद होती.

सुरतेला कुणीतरी दार उघडलं. वारा आत आला आणि फुलं झडली. आजीच्या माळेवर, धाकटीच्या तोंडात, आईच्या मांडीवर, सगळीकडे पाकळ्या. आई हसायला लागली. मग पपा हसले, मग सगळा डबा.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये शिरताना मात्र कुणी हसत नव्हतं. आईच्या हातात चार काटक्या होत्या, त्यांवर तीन फुलं तग धरून होती. मोठी काकी वेदीपाशी होती. बाजूच्या फुलदाण्या लिलींनी भरल्या होत्या. मधली रिकामी, पण चिंचेने घासून लख्ख केलेली, आणि आत काठोकाठ पाणी.

"फुलली होती, जाऊबाई," आई म्हणाली. "गाडीतच फुलली. देवाशप्पथ."

काकीने काटक्यांकडे बघितलं. मग आईच्या डोक्याकडे. मग जवळ येऊन तिच्या अंबाड्यातून एक पाकळी काढली. मग दुसरी. मग पाच-सहा.

"उपासाच्या दिवसांत डोक्यात फूल गं?"

"मी नाही माळलं. येऊन बसलं."

काकीने पाकळ्या तळहातावर घेऊन उजेडात धरल्या. मला वाटलं, आता ही बोलणार. विहीर काढणार, जंगली बदाम काढणार. मी भांडायला तयार होते.

"केवढं नाजूक," ती म्हणाली. "झाडाखाली उभं राहून बघितलंस?"

"मांडीवर घेऊन बघितलं."

"मग झालं." तिने आईच्या हातातल्या फांद्या घेतल्या, मधल्या फुलदाणीत नीट बसवल्या, तीन फुलं लोकांकडे वळवली, आणि त्या पाकळ्या आईच्या अंबाड्यात परत खोचल्या. "राहू दे. बघणाऱ्याला सांगेन, मीच घातल्या."