आतवाले सर

समोरच्या माणसाचं बोलणं अर्ध्यावर तोडायचं असलं की ते उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर टेकवायचे, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचे, "बाहेर काही नसतं हो. सगळं इथं आत असतं."

पंखा बंद आहे असं सांगायला गेलेल्या माणसालाही ते हेच सांगत.

असा एक जण तुमच्याही ऑफिसात असणार. तो समोरून येताना दिसला की तुम्हाला एकदम फोन आल्याचं आठवत असणार. तेव्हा मला फार समजावून सांगायची गरज नाही.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका लहानशा केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. कपड्यांच्या रंगांसाठी लागणारी रसायनं आमच्याकडे होतात. ते आमचे एचआर. आधी साधे पर्सोनेल ऑफिसर होते. रजेचे अर्ज, युनिफॉर्मची मापं, गणपतीत कोणी सुट्टी घ्यायची यावरून होणारी भांडणं, यातच त्यांचा दिवस जायचा आणि तेव्हा त्यांचा कुणाला त्रास नव्हता. मग कंपनीने त्यांना घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय होता 'स्वतःला ओळखा'. शुक्रवारी आमच्यातलाच एक माणूस गेला आणि सोमवारी परत आला तो सगळ्या कंपनीला ओळखून. स्वतः तेवढे राहिले.

आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की आपल्याला आता साहेब म्हणायचं नाही, सर म्हणायचं. साहेब म्हटलं की अंतर पडतं. प्लांटमधल्या लोकांनी आठवडाभरात त्यांचं नाव 'आतवाले सर' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले.

कँटीनच्या मावशींचा किस्सा तर मी स्वतः पाहिला. त्या दिवशी भाजी अगदीच अळणी होती. सर ताट घेऊन काउंटरपाशी गेले.

"मावशी, भाजीत मीठ नाही. घरी कुणावर राग आहे का?"

"मीठ संपलंय सर. दोन दिवस स्टोअरला सांगते आहे."

"बघा. लगेच बचाव सुरू झाला," सर आमच्याकडे वळून म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललंय ते कुठल्याही शिबिराला न जाता कळलं.

दर सोमवारी ते 'सत्र' घ्यायचे. ट्रेनिंग रूममध्ये गोलात खुर्च्या. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म, त्यावर तीन रकाने: मला काय वाटतं, ते का वाटतं, त्यात माझा वाटा काय. आठ तास उभं राहून पाय सुजलेली माणसं सेफ्टी शूजसकट त्या गोलात बसायची आणि पेनाचं टोपण चावायची. एका फिटरने तिन्ही रकान्यांत 'डबा गार झाला' असं लिहून दिलं. सरांनी त्याला अर्धा तास थांबवून घेतलं आणि लहानपणी आईने कधी जेवण नाकारलं होतं का, ते विचारलं.

मला ते एकदा लॅबच्या दारात म्हणाले, "मॅडम, एक निरीक्षण सांगू? तुम्हाला भीती वाटली की तुम्ही हसता."

मी हसले. नंतर दिवसभर मला त्यांचा राग येत राहिला.

मॅनेजमेंटला मात्र सर फार आवडले. आवडणारच. पूर्वी मशीनबद्दल तक्रार असली की कामगार एक स्लिप भरायचा आणि ती सरळ मेंटेनन्सला जायची. आता नियम निघाला, 'तक्रारीआधी संवाद'. म्हणजे स्लिप आधी सरांकडे. सर त्या माणसाला बसवून घेणार, त्याचं मन उलगडणार, आणि तरीही काही उरलंच तर स्लिप पुढे. सहसा काही उरायचं नाही. त्या खोलीत तासभर स्वतःबद्दल ऐकण्यापेक्षा बिघडलेला व्हॉल्व्ह परवडला, असं लोकांचं मत झालं. तक्रारी घटल्या. वर्षाच्या शेवटी सरांना शाल मिळाली, आणि 'सकारात्मक कार्यसंस्कृती' असं लिहिलेली काचेची एक वस्तू. ती त्यांनी टेबलावर, येणाऱ्याला वाचता येईल अशी ठेवली.

म्हात्रे त्यांच्याकडे गेला तो या सगळ्यानंतर.

म्हात्रे तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरवर म्हणजे रसायनं शिजतात त्या बंद टाकीवर ऑपरेटर होता. इथलाच, जवळच्या गावातला. आता त्या गावाभोवती सगळ्या बिल्डिंगी झाल्यात. अंगाने दणकट, बोलायला कमी. कामाला कंटाळून कारणं सांगणाऱ्यातला तो नव्हता. पुढचं सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं.

"सर, तीन नंबरच्या पंपाजवळ वास येतंय. डोले चुरचुरतात. मना वाटतं सील गेलंय."

"कधीपासून?"

"झाले चार दिवस."

"चार दिवसांपूर्वी घरी काय झालं होतं?"

म्हात्रे प्रामाणिक माणूस. त्याने आठवून पाहिलं. "भावाशी वाजलं. जागेवरून."

सरांनी ते फॉर्मवर लिहून घेतलं, मग बोटं बटणावर गेली. स्लिप ड्रॉवरमध्ये गेली.

दुसऱ्या आठवड्यात तो परत गेला. सरांनी त्याला श्वासाचे व्यायाम दिले. वासाने डोळे चुरचुरणाऱ्या माणसाला खोल श्वास घ्यायला सांगायचं, तेही त्याच पंपाशेजारी उभं राहून. तुम्हीच विचार करा.

तिसऱ्या वेळी म्हात्रे म्हणाला, "सर, भावाशी गोडी झाली. वास तसाच हाय."

"याला प्रतिकार म्हणतात," सर म्हणाले. "मन सत्याच्या जवळ आलं की असं करतं."

आता माझं सांगते. लॅबची मागची खिडकी त्याच बाजूला उघडते. तो वास मलाही येत होता. मी खिडकी लावून घेतली. बस, एवढंच केलं.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत म्हात्रे पंपाजवळ पडलेला सापडला. ओठ निळे पडले होते. चौघांनी उचलून गाडीत घातला. फुप्फुसांना सूज आली होती. अकरा दिवस तो आयसीयूत होता आणि पहिले तीन दिवस डॉक्टर त्याच्या बायकोला काहीच नक्की सांगत नव्हते. पंपाचं सील त्याच संध्याकाळी बदललं. कामाला चाळीस मिनिटं लागली.

मग चौकशी बसली. मॅनेजमेंटला काय लिहायचं होतं ते आम्हाला आधीच कळलं होतं. ऑपरेटरने मास्क काढला होता. घरगुती वादामुळे तो मानसिक तणावाखाली होता. कामाकडे लक्ष नव्हतं. पुरावा म्हणून सरांचे तीन फॉर्म होते. 'तक्रारीची वृत्ती', 'वास येत असल्याचा भास', असं त्यात सुबक अक्षरात लिहिलेलं. हे टिकलं असतं तर सगळा दोष म्हात्रेच्याच माथी बसला असता, आणि उपचार आणि नोकरी दोन्हीतून कंपनी मोकळी झाली असती.

आधी मला बोलावलं. फॅक्टरी मॅनेजरनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला लॅबमध्ये कधी वास जाणवला होता?"

मी हसले. म्हणाले, "केमिकल कंपनी आहे सर, वास यायचाच. नक्की असं काही आठवत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मग सर आत आले. गेल्या पंधरा दिवसांत त्यांनी दाढी केलेली नव्हती. मॅनेजरनी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवले.

"अक्षर तुमचंच ना? खाली सही करा, झालं."

सरांनी तिन्ही फॉर्म वाचले. हळूहळू, दुसऱ्या कुणी लिहिलेले असावेत तसे.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "पण हे खरं नाही."

"म्हणजे?"

"म्हात्रेला वास येत होता, कारण वास होता. त्याने तीनदा सांगितलं. तिन्ही स्लिपा माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. भावाचं भांडण मी उकरून काढलं. मला वाटलं की..." ते थांबले. "नाही. मला तसं वाटलंही नव्हतं. तक्रार पुढे पाठवली की तुम्ही चिडता. नाही पाठवली की शाबासकी देता. मला शाबासकी आवडते. म्हणून मी लिहिलं."

मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. "हे कागदावर गेलं तर तुमचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

ते उठून गेले आणि स्लिपा घेऊन आले. पिवळ्या, मध्ये घडी पडलेल्या. टेबलावर एकेक ठेवल्या.

मी तेव्हा उठायला हवं होतं. मलाही वास येत होता, एवढे चार शब्द. समोर पाण्याचा ग्लास होता, तो मी पूर्ण प्यायले.

तुम्ही म्हणाल, माणूस सुधारला. मला इतक्या लवकर कुणाला सोडता येत नाही. इतके दिवस हा माणूस लोकांच्या मनात हात घालून फिरत होता आणि हाताला लागेल ते तिथलंच आहे असं सांगत होता. शेवटी एकदा स्वतःच्या मनात हात घातला, आणि तेवढा एकच निष्कर्ष बरोबर निघाला. त्यासाठी म्हात्रेला निळं व्हावं लागलं. हे सगळं मी आजही तिरस्कारानेच सांगते. फक्त आता सांगताना अध्येमध्ये अडखळते, कारण त्या दिवशी त्या खोलीत दोन माणसांना खरं माहीत होतं आणि बोलला तो एकच. ती मी नव्हते.

कंपनीने चूक मान्य केली. म्हात्रेचे उपचार पूर्ण झाले, चार महिन्यांनी तो परत आला आणि त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. जिना चढताना तो आता मध्ये दोनदा थांबतो. सरांचा राजीनामा घेतला गेला. निरोपसमारंभ झाला नाही. ट्रेनिंग रूममधल्या खुर्च्या कँटीनमध्ये गेल्या. तिथे त्यांची गरज होतीच. सर कुठे आहेत, कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं बदलापूरला, कुणी म्हणतं मुलीकडे.

मध्यंतरी मी स्टोअरमध्ये बाटल्या आणायला गेलेले. म्हात्रे म्हणाला, "मॅडम, सर आलेले घरी. मी हॉस्पिटलमधून आलू ना, तवा."

मी म्हटलं, "मग? काय काय समजावलं?"

"काय नाय. ओट्यावर आई वाल सोलत बसलेली. तिच्यासमोर बसले नि तेपण सोलाया लागले."

"माफी वगैरे?"

"तोंडच उघडला नाय. दोन तास. टोपलीभर वाल होते, सगले सोलले." म्हात्रे हसला आणि हसता हसता खोकला. खोकला थांबेपर्यंत मी बाटल्या मोजत राहिले.

"आई बोलली, मानूस बरा हाय, पन निम्मे वाल मोडले त्यानं."

"मग काय केलं?"

"काय करनार? त्याच वालांचा बिरडा केला. त्यांना पन वाढला."