घातक अक्का आणि अप्पांचा निळा कॅन

घातक अक्काच्या हातगाडीजवळ मोठ्यानं बोललेलं चालत नसे. एकदा आमच्या गावात वरात निघाली होती. डीजे असा की छपरांचे पत्रे थरथरत होते. समोरून हातगाडी ढकलत अक्का आली. तुरीच्या काडीसारखी बाई. तिनं ओठांवर बोट ठेवलं. फक्त बोट! डीजेवाल्यानं आवाज बंद केला, नाचणारे जागच्या जागी थांबले, नवरदेवाची घोडीसुद्धा कान पाडून उभी राहिली. अक्का गाडीकडं मान वळवून म्हणाली, "झोपलंय सगळं. उठवू नगा." गाडी वळणापलीकडं गेली, तेव्हा कुठं वरात हलली. घोडीचं मी थोडं वाढवून सांगतोय. बाकी सगळं खरं.

आमचं गाव सोलापूरजवळच्या होटगीच्या पलीकडं, चार किलोमीटरवर. ओला-सुका कचरा पंचायतीच्या ट्रॅक्टरात जाई. अक्काकडं यायची ती घराघरातली विषं. मुदत संपलेल्या गोळ्या, फवारणीच्या बाटल्या, सेल, फुगलेल्या मोबाइलच्या बॅटऱ्या, ट्यूबलाइटा, उंदराचं औषध. हातगाडीवर लाल पेटी होती आणि पेटीवर पांढऱ्या अक्षरांत 'घातक कचरा' लिहिलेलं. गावाला नाव ठेवायला तेवढं पुरलं. बाईचं खरं नाव पंचायतीच्या हजेरीपुस्तकात होतं, ते तिथंच राहिलं. तिलाही त्याचं काही वाटत नसे. दारात येऊन ती स्वतःच पुकारायची, "घातक अक्का आली वो! काय निजवायचं हाय का?"

कारण तिच्या मते विष कधी मरत नाही, ते नुसतं झोपतं. हातात आलेली प्रत्येक वस्तू ती उजेडात धरून बघे आणि तिची झोप किती गाढ आहे ते सांगे. जुन्या खोकल्याच्या औषधाला म्हणे, "हे म्हातारं हाय, घोरतंय." फवारणीच्या बाटलीला मात्र ती दोन चिंध्यांत गुंडाळायची. "हे डोळं मिटून पडलंय नुसतं. लबाड हाय." आमच्या शेजारच्या सूनबाईंचा जुना तापमापक फुटला, तेव्हा अक्कानं सगळ्यांना उंबऱ्याबाहेर काढलं, खिडक्या उघडल्या आणि पोस्टकार्डाच्या दोन तुकड्यांनी फरशीवरचा पारा गोळा करत बसली. दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं. ते चंदेरी थेंब पळायचे, ती वाट बघायची, थेंब थांबले की कार्ड हळूच पुढं सारायची. आम्ही सात-आठ मोठी माणसं दाराबाहेर श्वास रोखून उभी होतो. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. शेवटचा थेंब बाटलीत पडला, तेव्हा मला झोपेतून उठल्यासारखं झालं.

गोळा केलेलं सगळं पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत कुलपात राही. दोन-तीन महिन्यांनी एक पिवळी गाडी येऊन ते घेऊन जाई. त्या दिवशी अक्का धुतलेलं लुगडं नेसायची आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभी राहायची. मी एकदा विचारलं, "कुठं नेतात गं हे?" ती म्हणाली, "लई लांब भट्टी हाय म्हणं. मी कुटं बघितलीय? पर मला सपनात दिसती की. एवढी मोठी, लालभडक, अन भवतीनं कुण्णी न्हाय."

तिचा एक कडक नियम होता. कुणाच्या अंगणातली वस्तू ती स्वतः उचलत नसे, घरच्या माणसानं आपल्या हातानं द्यायची. "उचलून नेली तर उद्या दुसरी आणून ठिवतील. हातानं दिली की मनातनं पण जाती." हा नियम आमच्या वडिलांपाशी येऊन अडला.

आमचे अप्पा म्हणजे गावातलं जुनं लिंगायत खोड. एरवी मराठी बोलत, रागावले की कानडीत शिरत. त्यांच्याजवळ तुरीवरच्या फवारणीचा पाच लिटरचा रिकामा, रुंद तोंडाचा निळा कॅन होता. झाकण असं घट्ट की उलटा टांगला तरी थेंब गळणार नाही. अप्पांनी तो तीनदा राखेनं घासला, आठ दिवस उन्हात ठेवला आणि वेळ अमावस्येची आंबील त्यातून शेतात न्यायला सुरुवात केली. वेळ अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याची खोप, चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. अप्पांच्या आंबिलीसाठी सोलापुराहून पाहुणे येत. पूर्वी ती मडक्यातून जायची, पण मडकं मोटारसायकलवर हिंदकळतं. दोन वर्षं कॅननं काम केलं आणि अप्पांना तो सोन्याहून प्यारा झाला.

अक्काला हे कळल्यापासून ती रोज आमच्या दारात.

"अप्पा, कॅन द्या."

"दोन वर्सं पितोय. मेलं का कोण?"

"माझी शेळी मेली की. असल्याच डब्यातनं पाणी पाजलं हुतं. तीनदा धुतलेला."

"शेळी अन माणूस एक हाय का?"

"पोटाला काय कळतंय, अप्पा?"

"साकु!" अप्पा गरजत. म्हणजे पुरे. अक्का गाडी पुढं ढकले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एकदा तिनं आपल्या घरचं स्टीलचं झाकणाचं भांडं आणलं. "ह्ये घ्या, त्ये द्या." अप्पा म्हणाले, "कचरा नेतीस का भांडी इकतीस?" मीही अप्पांना समजावलं. त्यांनी मला सोलापूरच्या नवी पेठेत दिवसभर कापडं मोजणाऱ्यानं शेतीतलं शिकवू नये असं सुनावलं. म्हणणं चुकीचं नव्हतं. मी दुकानात कापडंच मोजतो.

वेळ अमावस्या उजाडली. कमरेएवढी ज्वारी वाऱ्यावर लाटा मारत होती. थंडी विरघळून ऊन मऊ झालं होतं. चिंचेखाली सतरंज्या पडल्या, पाहुणे आले, लहान पोरं खोपीभोवती फेर धरू लागली. सगळं रान दुधात भिजवल्यासारखं शांत आणि पांढुरकं दिसत होतं. अप्पांनी पूजा केली, पगडी नीट केली आणि निळा कॅन मांडीशी घेऊन पळी हातात धरली.

आता रंगमंचावर प्रवेश. बांधावरून अक्का येत होती. हातगाडी रस्त्यावर सोडून, पितळेची एक वाटी घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या दिवशी बोलावणं लागत नाही. शेतात आलेल्याला उपाशी परत धाडलं तर पीक रुसतं, हे अप्पांनीच आम्हाला शिकवलेलं. ती सरळ पहिल्या पंक्तीत, पहिल्या जागेवर बसली. वाटी पुढं केली.

"वाढा अप्पा. आदी मला. सगळी वाटी पिते. मग दोन तास कुणाला वाढू नगा. मी चालती-बोलती ऱ्हायले, तर बाकीच्यांना वाढा."

पंक्तीतले पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. अप्पांनी पळी कॅनात बुडवली. भरून वर काढली. आंबील पळीच्या काठावर डुलत होती. अक्काची वाटी जरासुद्धा मागं सरली नाही. ज्वारीत कुठं तरी होला घुमत होता, तेवढाच आवाज. पळी वाटीवर आली आणि तिथंच थांबली.

"बेडा," अप्पा म्हणाले. नको. पण हे कानडी रागातलं नव्हतं.

त्यांनी पळी परत कॅनात सोडली, झाकण लावलं. मी म्हटलं, ओतून देतो बांधाला. अक्का वळली, "मातीत न्हाय. माती पण जेवती आज." मग तिनं दोन्ही हात पुढं केले आणि अप्पांनी भरलेला कॅन आपल्या हातानं तिच्या हातात दिला. पाहुण्यांसाठी शेजारच्या शेतातून मडकंभर आंबील आली. पातळ होती. अप्पा ती पिऊन म्हणाले, "मीठ कमी हाय." पण दोनदा घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात अक्काची मुलगी बाळंतपणातून उठली आणि अक्का तिच्याकडं कायमची निघाली, वैरागला. होटगीच्या थांब्यावर मी तिचं गाठोडं ठेवायला गेलो, तर मागून अप्पा. कुणाला निरोप द्यायला ते कधी घराबाहेर पडले नव्हते. एसटीच्या खिडकीशी जाऊन त्यांनी इतके दिवस गिळून ठेवलेला प्रश्न विचारला.

"अक्का, खरं सांग. प्याली असतीस का?"

अक्का हसली. "लई भ्याले हुते वो, अप्पा. मनात म्हणत हुते, वाढू नगा, वाढू नगा. पर तुमी वाढलं असतं तर प्याले असते की. बोलून बसले हुते. मग काय करू?"

कंडक्टरनं घंटी मारली. एसटी धूळ उडवत गेली. अप्पा आपल्या उजव्या हाताकडं बघत उभे होते, पळीच्या हाताकडं. मी मोटारसायकल वळवली. ते म्हणाले, "चालत जाऊ."

भर दुपार, चार किलोमीटर, मी गाडी ढकलतोय आणि अप्पा पुढं. पहिल्या वस्तीपाशी ते थांबले आणि अंगणातल्या माणसाला हाक मारली, "का रं, फवारणीचा रिकामा कॅन हाय का घरात? हातानं दे." दुसऱ्या वस्तीपाशी तेच. तिसऱ्या वस्तीवरच्या म्हातारीशी भांडण झालं, तिथं अप्पा जमिनीवर बसकण मारूनच राहिले. ऊन कललं, सावल्या लांबल्या. गावात शिरलो तेव्हा माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना सहा कॅन लोंबकळत होते आणि अप्पा सातव्यासाठी कुणाची तरी कडी वाजवत होते.