कसलंही अक्षर लागणारे काका

मेडिकलवाल्या काकांना गळा नव्हता, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी दुकानाचं शटर वर करण्याआधी ते हात जोडायचे आणि म्हणायचे, "देवा, तू दिलेली कला तुझ्याच कामी लाव. तू सांगशील ते करीन." इथवर ठीक होतं. पण लगेच, "म्हणजे गाण्याचंच बघ," असं सुचवायचेही. देवाला वाट दाखवायची ही खोड जुनी. प्रार्थनासभेत ते पहिल्या रांगेत बसून सूर लावायचे आणि मंडळी त्यांना मोठ्या अगत्याने बाहेर खुर्च्या मोजायला पाठवायची.

खरी कला वेगळीच होती. कसलंही अक्षर काकांना लागायचं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर शाईत बुडालेली मुंगी सोडल्यासारखं काही ओढलेलं असो, काका एका नजरेत औषध काढून ठेवत. एकदा तर डॉक्टरच स्वतःची चिठ्ठी घेऊन, मी काय लिहिलंय, असं विचारायला आले होते. "ते पोटासाठी," काका म्हणायचे. "कला म्हणजे गाणं."

एका दुपारी शिंपीदादांची बायको आली. दादांना झटका येऊन बारा दिवस झाले होते. जीभ वळत नव्हती, उजवा हात निकामी होता. वहिनींनी पिशवीतून कागद काढून दिला. काकांनी चष्मा सरकवला, कपाटाकडे वळले आणि थबकले.

"दिवा बंद करा," त्यांनी वाचलं. "वहिनी, हे औषध आपल्याकडे येत नाही."

"अहो, चिठ्ठी ही. तो कागद यांचा, डाव्या हाताने लिहिलेला. 'देवा वंदन करा' आहे ते."

चाळीस वर्षांत ज्याने देवापुढे कधी मान लववली नाही, तो माणूस आता दिवसातून दहादा हेच लिहीत होता. प्रत्येक वेळी सगळं घर पलंगाभोवती हात जोडून उभं राहायचं. "जन्मभर मागितलं ते आता मिळालं, भाऊ," वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

आपल्याला अक्षर लागलं नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. काय करू, असं काकांनी मनातल्या मनात देवाला विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही सुचवलं नाही. मग म्हणाले, "पलंगाच्या वर ट्यूबलाइट आहे का?"

होती. बरोबर डोळ्यांवर. आजारी माणूस अंधारात नको, म्हणून रात्रंदिवस चालू.

शटर अर्धं ओढून काका सोबत गेले. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. त्यांनी बटण बंद केलं. शिंपीदादांनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. बारा दिवस जोडलेले हात आता कुठे ठेवावेत, हे घरात कोणाला कळेना. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काकांना स्वतःचा भयंकर राग आला.

तेवढ्यात शिंपीदादांनी खुणेनं पेन्सिल मागितली आणि दोनच अक्षरं लिहिली.

"दिवाच असेल," वहिनी न बघता म्हणाल्या.

काकांनी कागद खिडकीशी नेला. इतका वेळ त्यांना कुठल्याच चिठ्ठीला लागला नव्हता.

"देवा," ते म्हणाले.

"माझी समजूत काढू नका, भाऊ."

"समजूत कशाला काढू? दिवा तर बंद आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हात जोडले. "तू सांगशील ते करीन," म्हणाले, आणि गाण्याचं नाव न काढता शटर वर केलं.